सासू ओसरीवर बसली असताना सर्व्हे: विदर्भातल्या गावात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू (समाजकार्य), नर्सिंग, होमसायन्स, कम्युनिटी मेडिसिन, दरवर्षी कुठली ना कुठली पोरंपोरी आमच्या भागात येतात, हातात टॅब, गळ्यात आयकार्ड, अन् विषय बहुतेक हाच असतो, गरोदर बायका, वयात येणारी मुलं-मुली, कुटुंबाचं स्वास्थ्य. प्रश्नावली एकदम चकाचक असते. बाकी मात्र काहीच ठरलेलं नसतं, म्हणजे कुठे बसायचं, कोण ऐकत असेल, बाई रडायला लागली तर काय, सतरा वर्षांची पोरगी म्हणाली की मले दिवस गेले तर काय. मी बरीच वर्षं या कामात आहे अन् माझं मत असं की या विषयात उत्तर खरं येतं की खोटं हे प्रश्न कसा लिहिलाय यापेक्षा तो विचारताना आजूबाजूला कोण होतं यावरच जास्त ठरतं. म्हणून खाली जे लिहितोय त्यात प्रश्नावलीबद्दल कमी अन् बाकीच्याबद्दल जास्त आहे.

१. तारखा गाइडच्या नाही, शेताच्या सोयीने ठरवा

कॉलेजचं वेळापत्रक घेऊन याल तर घरात फक्त म्हातारे अन् कोंबड्या भेटतील. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडे जूनमध्ये पेरणी, मग निंदण, दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी सुरू झाली की बायका सकाळी डबा बांधून जातात त्या दिवस मावळताना येतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, तेव्हा तर कोणाला बोलावूच नका. जंगलपट्ट्यात उन्हाळ्यात मोहफूल, मग तेंदूपत्ता. मेळघाटातली बरीच कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात अन् होळीला परत येतात, त्यामुळे तिथे जानेवारीत सर्व्हे केला तर जी घरी सापडली तीच तुमची सॅम्पल, म्हणजे जरा बऱ्या परिस्थितीतली.

अजून एक, पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात बाई गावातून गायब होते अन् सव्वा महिन्यानंतर कधीतरी परत येते. तुम्ही सासरच्या गावाची यादी धरून फिरत असाल तर नेमक्या पहिलटकरणीच सुटतात, अन् धोका त्यांनाच जास्त असतो. म्हणून नाव नोंदवतानाच माहेरचं गाव अन् तिथल्या आशाताईचं नाव लिहून घ्या.

२. कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे पण सुटका नाही. एथिक्स कमिटीची (संशोधन नीतीला धरून आहे का हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आधी, गावात पाऊल नंतर. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढा, मोठं पुस्तक आहे पण मुलांवरचा भाग तरी वाचाच. थोडक्यात, अठराच्या आतल्या मुलामुलीसाठी पालकाची संमती लागते अन् शिवाय मुलाची स्वतःची तयारीही लागते, ७ ते १२ वयात तोंडी, १२ ते १८ मध्ये लेखी. बापाने सही केली पण पोरगी मान खाली घालून गप्प आहे, याचा अर्थ नाही असा घ्यायचा. काही संवेदनशील अभ्यासात पालकांच्या संमतीतून सूट मिळू शकते पण ती कमिटी देते, तुम्ही ओसरीवर बसून ठरवायचं नाही. सतरा वर्षांची लग्न झालेली पोरगी असेल तर तिच्यासाठी सही कोणाची, आईबापाची का नवऱ्याची, हे कमिटीकडून लेखी घेऊन ठेवा कारण हा प्रश्न येणारच.

शाळेत करायचं असेल तर शिक्षण विभागाची परवानगी अन् मुख्याध्यापकांचं पत्र. गावात सरपंच, पोलीस पाटील, पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) मेडिकल ऑफिसर, यांना आधी भेटा. पत्रात 'लैंगिक सर्वेक्षण' असं ठळक अक्षरात लिहू नका, 'किशोरवयीन आरोग्य व पोषण' लिहा, पण मग तोंडी नीट सांगा की यात पाळी, लग्न, गर्भनिरोधक याचेही प्रश्न आहेत. लपवलं तर तिसऱ्या दिवशी कोणाचा तरी काका येऊन टॅब हिसकावतो.

३. आशाताई सोबत असावी, पण कुठपर्यंत

आशाताईशिवाय गावात दार उघडत नाही हे खरं. कोण कितव्या महिन्यात, कोणाची सून माहेरी गेली, कोणत्या घरी कुत्रं चावरं, सगळं तिला तोंडपाठ. पण तीच बाजूला उभी असेल तर बाई काय सांगणार? "लाल गोळ्या खाल्ल्या का?" "हो हो, साऱ्या खाल्ल्या." गरोदरपणात रोज एक, १८० दिवस, असं लोह-फॉलिकचं गणित आहे अन् त्या गोळ्या आशाताईनेच आणून दिलेल्या असतात, मग तिच्या तोंडावर कोण म्हणेल की मळमळते म्हणून फेकल्या.

म्हणून तिला आधीच प्रेमाने सांगा, ताई तुम्ही ओळख करून द्या अन् पुढच्या घरी निरोप देऊन या. वाईट वाटणार नाही, उलट तिलाही तिची कामं असतात. मग बाईला "खाल्ल्या का" विचारू नका, "पाकीट दाखवता का" विचारा. पाकीट बहुतेक फळीवरच्या पितळी डब्यात नाही तर देवाच्या फोटोमागे सापडतं. किती उरल्या ते मोजा, अन् शी काळी होते का हेही विचारा, गोळी पोटात जात असेल तर रंग बदलतो. या दोन गोष्टींनी जेवढं कळतं तेवढं पानभर प्रश्नांनी कळत नाही.

भाषेचंही इथेच बघून घ्या. वऱ्हाडी समजली म्हणजे झाडीबोली समजेल असं नाही, अन् कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी तर वेगळ्याच भाषा. दुभाषी लागला तर नवरा नको, सासू नको, त्या गावची आशाही नको, शेजारच्या गावची शिकलेली बाई बघा.

४. बसायचं कुठे

हा भाग नीट वाचा, सगळा खेळ इथेच आहे.

तुम्ही घरात शिरलात की खाट टाकतात, पाणी येतं, मग चहा. खाटेच्या भोवती सासू, जाऊ, दोन पोट्टे अन् शेजारची एक बाई जी फक्त बघायला आलेली असते. सासऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केलेला असतो, म्हणजे तोही ऐकतोय. यात तुम्ही सुनेला विचारणार की दोन मुलांमध्ये अंतर ठेवायला काय वापरता. ती काय म्हणेल, "काही नाही जी."

तर आधी सगळ्यांसमोर बसा, चहा घ्या, घाई करू नका. सासूलाच पहिले प्रश्न विचारा, तुमच्या वेळी बाळंतपणं कशी व्हायची, दायी कोण होती, किती दिवस शेक, काय खायला द्यायचे. एक तर तिचा मान राहतो अन् दुसरं म्हणजे यात खरंच कामाची माहिती निघते. टीममध्ये दोन जणी असतील तर एक सासूपाशी थांबते अन् दुसरी सुनेला म्हणते, चला तुमची परसबाग दाखवा, किंवा जरा नळावर जाऊ. सुना मोकळ्या बोलतात त्या विहिरीवर, नदीवर कपडे धुताना, शेताच्या धुऱ्यावर, अन् अंगणवाडीत टीएचआरचं (घरी न्यायच्या पोषण आहाराचं) पाकीट घ्यायला येतात तेव्हा. खोलीत दार लावून बसू नका, त्याने संशय वाढतो. उघड्यावर, लोकांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशी जागा सगळ्यात भारी.

कोणी मध्येच आलं तर काय? त्यासाठी एक दुसरं पान तयार ठेवायचं. रेशन किती मिळतं, चुलीवर का गॅसवर, पाणी कुठून आणता, असे साधे प्रश्न. पाऊल वाजलं की त्या पानावर यायचं, आवाज न बदलता. हे सुनेला सुरुवातीलाच सांगून ठेवा, तिला लई बरं वाटतं, कधीकधी तीच डोळ्याने खुणावते. मारहाणीचे प्रश्न असतील तर एका घरातल्या एकाच बाईला विचारायचे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे, कारण दोघींना विचारलं की संध्याकाळी घरात चर्चा होते अन् त्याचा मार तिला बसतो. तो नियम मोडायचा नाही, सॅम्पल कमी पडली तरी.

५. वय, तारखा, बाळंतपणं

वय विचाराल तर "असन वीस-बावीस." लग्नाच्या वेळचं वय विचाराल तर सगळ्यांचं अठरा, कारण अठराचा कायदा आता गावात सगळ्यांना ठाऊक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, म्हणजे पाचातल्या एकीचं. तुमच्या गावात शून्य येत असेल तर गाव सुधारलेलं आहे असं लगेच समजू नका, प्रश्न फिरवून विचारा. शाळा कितवीत सुटली? शाळा सुटल्यावर किती दिवाळ्यांनी लग्न झालं? लग्नानंतर कितव्या वर्षी पहिलं लेकरू? मग टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) बघा. आधारवरची जन्मतारीख १ जानेवारी असेल तर ती अंदाजाने टाकलेली असायची शक्यता मोठी, तिच्यावर गणित बांधू नका.

शेवटच्या पाळीची तारीख हे दुसरं दुखणं. माता बाल संरक्षण कार्डावर तारीख असते पण ती १, १०, १५ अशी गोल असेल तर ती नर्सबाईने अंदाजे टाकलेली असू शकते. मग सणांवरून या. "पोळ्याच्या आधी का नंतर?" "तान्ह्या पोळ्याले मी बाहेर बसली होती." झालं, तारीख सापडली, कॅलेंडर काढा. त्या तारखेत नऊ महिने अन् सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख, अर्थात पाळी नियमित असेल तर. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर तिच्यावरची तारीख जास्त भरवशाची, आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर वय ठरवू नका. अन् सोनोग्राफीचा कागद बघताना मुलगा का मुलगी असा शब्दही काढायचा नाही, गंमतीतही नाही, गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ चा कायदा आहे अन् गावात अफवा पसरायला संध्याकाळ पुरते.

बाळंतपणं मोजताना "किती मुलं" हा प्रश्न सगळ्यात फसवा आहे. क्रम असा ठेवा: सोबत राहणारे मुलगे किती, मुली किती, मग बाहेर राहणारे, मग जन्मून गेलेले, मग दिवस गेले पण पूर्ण झाले नाहीत असे. गेलेल्या लेकराबद्दल विचारताना आधी थोडं थांबा. बाळ मेलेलं जन्मलं असं घरचे सांगतात तेव्हा विचारा, रडलं होतं का, हाललं होतं का, एकदा तरी श्वास घेतला होता का? यातलं काहीही हो असेल तर ते जिवंत जन्मून गेलेलं बाळ आहे, मृतजन्म नाही, अन् असे जन्मतःच गेलेले जीव नोंदीतून कायम गळतात.

गर्भपाताला इथे बाया "खाली झालं", "पाडलं", "पिशवी साफ केली" असं काहीही म्हणतात, आपोआप झालं का करवून घेतलं हे शब्दावरून कळत नाही, त्यामुळे पुढे हळूच विचारा, दवाखान्यात गेल्या होत्या का, गोळी मेडिकलवरून आणली का. तांबी, ऑपरेशन, निरोध, अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, हे शब्द चालतात. 'गर्भनिरोधक साधनांचा अवलंब' कोणालाच कळत नाही, मलाही वाचताना दमायला होतं.

६. नुसतं विचारून काय सुटतं

इथल्या मातीतलं उदाहरण आहे म्हणून सांगतो. गडचिरोलीत डॉ. राणी बंग अन् डॉ. अभय बंग यांनी 'सर्च' संस्था १९८६ मध्ये सुरू केली अन् दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, १९८९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तक्रार आहे असं ५५ टक्के बायकांनी सांगितलं. तपासल्यावर ९२ टक्क्यांमध्ये एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. अन् आधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. अंगावरून पांढरं जाणं, कंबर दुखणं, याला बाया आजार समजतच नाहीत, बाईच्या जातीला असतंच असं म्हणून सोडून देतात. म्हणजे तुमच्या फॉर्मवर 'तक्रार नाही' वर टिक आली तर तिचा अर्थ 'आजार नाही' असा लिहू नका, 'सांगितली नाही' असा लिहा.

याच टीमने पुढे ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेऊन दाखवली, ४७ गावांशी तुलना केली, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला, ते १९९९ मध्ये छापलं. आज आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ अन् ४२ व्या दिवशी घरी येते ती पद्धत यातूनच पुढे देशभर गेली. तुम्ही बाळंतिणीला भेटणार असाल तर तुमची भेट या दिवसांच्या मध्ये ठेवा, एकाच दिवशी दोघीजणी जाऊन बसलात तर बाळंतिणीला आराम नाही.

७. अठराच्या आतल्यांना काय विचारायचं अन् काय नाही

पोक्सो कायदा, २०१२, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा. अठराच्या आतल्या मुलाशी किंवा मुलीशी लैंगिक संबंध म्हणजे गुन्हा, तिची मर्जी होती का नव्हती हे कायदा विचारत नाही. अन् ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. लग्न झालेलं असलं तरी सुटका नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अठराच्या आतल्या बायकोबाबत नवऱ्याला असलेली सूट काढली.

आता बघा, तुम्ही नाव-गावासकट सोळा वर्षांच्या पोरीला विचारलंत की संबंध आले का, ती हो म्हणाली, तर तुम्ही काय करणार? कळवलं तर तिचा विश्वास गेला, घर तुटलं, न कळवलं तर तुम्ही कायद्यात सापडले. म्हणून ही चाचपणी गावात नाही, प्रश्नावली लिहिताना करायची. माझा सल्ला, हे प्रश्न १८-१९ च्या मुलामुलींना मागे वळून विचारा, किंवा नाव नसलेली चिठ्ठी अन् पेटी वापरा. अन् संमती घेतानाच, पहिल्याच मिनिटाला, सरळ सांगा: तू सांगशील ते माझ्याकडेच राहील, पण तुझ्यावर कोणी जबरदस्ती केली असं कळलं, किंवा तू अठराच्या आतली असून असे संबंध आल्याचं कळलं, तर मला पुढे सांगावं लागेल. हे ऐकून ती काय सांगायचं ते स्वतः ठरवते.

तरीही एखादी गरोदर निघालीच तर भोंदू डॉक्टरकडे जाण्याआधी तिच्या घरच्यांना एक माहिती असू द्या, अल्पवयीन मुलीला पालकाच्या संमतीने २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात मिळू शकतो, अन् सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानुसार मुलीने अन् पालकाने विनंती केली तर डॉक्टर पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड न करता कळवू शकतात. पोलिसाच्या भीतीने लोक चुकीच्या ठिकाणी जातात, तिथे जीव जातो. अन् बालविवाह ठरलाय असं कळलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, भलेही बऱ्याच ग्रामसेवकांना लग्नाची पत्रिका आधी आलेली असते.

पोरांचं काय? सगळे अभ्यास पोरींच्या मागे. आठवी ते दहावीच्या पोट्ट्यांना एकदा कोरी चिठ्ठी द्या, स्वप्नदोष, 'धात जाणे', कमजोरी, याने पेटी भरते, कारण त्यांना मोबाइलशिवाय कोणी काही सांगितलेलंच नाही. पुरुष सर्वेक्षक ठेवा, वेगळ्या वर्गात बसवा, मास्तर बाहेर. १० ते १९ वयासाठी ग्रामीण रुग्णालयात 'मैत्री' क्लिनिक असतं, ते कोणत्या दिवशी चालू असतं ते आधी स्वतः जाऊन बघा, मगच पोरांना पत्ता द्या.

८. काही निघालं तर

हिमोग्लोबिन तपासणार असाल तर आकडा तिला तिथेच सांगायचा. गरोदर बाईचं ११ च्या खाली म्हणजे कमी, ७ च्या खाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना, तुमचा फॉर्म अर्धा राहिला तरी चालेल. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्त जातंय, बाळ हलत नाही, यातलं काहीही असेल तर १०८. विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बराच आहे, पण त्याचा निकाल चारचौघांत बोलू नका, पोरीचं जमलेलं लग्न मोडतं.

कुटुंबाच्या स्वास्थ्याच्या भागात बरेच जण नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली घालतात. तिचा नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरात तो वाचायचा म्हणजे काय ते आधी टीममध्ये बोलून घ्या. उत्तर हो आलं तर पुढच्या प्रश्नावर जायचं नाही, टॅब खाली ठेवा, बसा, एकटं सोडू नका, १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, तिथे स्वतः फोन लावून द्या, अन् दुसऱ्या दिवशी परत जा.

९. माहिती सांभाळणं

फॉर्मवर नाव नको, नंबर हवा, नाव-नंबरची यादी वेगळ्या कुलपात. माता बाल संरक्षण कार्डाचा फोटो काढून टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं आजपासून बंद. अहवालात 'सतरा वर्षांची, विवाहित, कोलाम, अमुक पोडावरची (वस्तीवरची)' असं लिहिलं तर नाव नसलं तरी तालुक्यात सगळ्यांना कळतं ती कोण, त्यामुळे चार-पाच गावं एकत्र करून लिहा.

अन् निकाल गावाला सांगायला परत या. ग्रामसभेत लसीकरण, पाणी, अंगणवाडी एवढंच बोला. पाळी, पांढरं जाणं, गर्भनिरोधक हे बचतगटाच्या बैठकीत, फक्त बायकांमध्ये. पोरांना शाळेत. आशाताई अन् सिस्टरला मात्र सगळ्यांच्या आधी, बंद खोलीत, कारण गोळ्या फेकल्या जातात हा तुमचा आकडा ग्रामसभेत पहिल्यांदा ऐकला तर पुढच्या वर्षी येणाऱ्या पोरांना ती दारातही उभं करणार नाही.